पालथा पेला

नोलीन हॅडो भांडखोर आहे हे वॉलंडा या कोळशाच्या खाणीच्या गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यात कोणाला काही वावगंही वाटत नव्हतं. मांसावर चरबीचा पट्टा जास्त ठेवला म्हणून ती खाटकाशी भांडली होती. चर्चच्या अंगणातले गुलाब भलत्याच महिन्यात छाटले म्हणून पाद्र्याशी भांडली होती. नवऱ्याशी तर ती चाळीसहून जास्त वर्षं अगदी नेमानं भांडत आली होती. शेजारची डल्सी म्हणायची, "हॅडोंच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला नाही की मला वाटतं आज रविवारच आहे."

पण खाणीवर निघालेल्या माणसाशी नोलीन कधीही भांडली नाही. वॉलंडातली कोणतीच बायको भांडत नसे. खाणीचं छत काही सांगून खाली येत नाही, आणि माणसाच्या कानावर पडलेला शेवटचा शब्द कडू असू नये, एवढाच त्यामागचा विचार. लग्नाच्या दिवशी नोलीनच्या केसांत फुलं खोवताना तिच्या आईनं सांगितलं होतं, "राग आला तर गिळ. तो वर येईपर्यंत गिळून ठेव. वर आला की खुशाल ओक."

आता गिळलेला राग आठ तासांच्या पाळीत थंड पडतो, आणि नोलीनसारख्या बाईला तो थंड पडलेला चालत नाही. म्हणून त्यांच्या गल्लीतल्या बायकांची एक रीत होती. नवरा कामावर गेला की टेबलावर त्याच्या जागी त्याचा चहाचा पेला पालथा घालून ठेवायचा. परत आलेल्या माणसाला दारातूनच कळायचं की आज आपली हजेरी आहे. काही नवरे तो पेला बघून आल्या पावली दारूच्या गुत्त्याकडे वळायचे. डार्सी हॅडो कधी वळला नाही. तो टोपी काढायचा, खुर्ची ओढून बसायचा, आपला हिरवा इनॅमलचा पेला हातानं सरळ करायचा आणि म्हणायचा, "हं. बोल."

त्या 'हं, बोल'साठीच आपण या माणसाबरोबर इतकी वर्षं टिकलो, असं नोलीनला वाटायचं. तसं तिनं त्याला कधी सांगितलं मात्र नव्हतं.

डार्सी खाणीत फिटर होता. पंप, पट्टे, पंखे, जे जे फिरतं ते ते दुरुस्त करायचं. चौतीस वर्षं त्यानं कोळशाची धूळ खाल्ली आणि वर सिगारेटी ओढल्या. दोन्हींपैकी कोणी किती फुप्फुस खाल्लं ते डॉक्टरांनाही सांगता येईना. निवृत्तीच्या दिवशी तो खाणीतला आपला पितळी बिल्ला घरी घेऊन आला. खाली उतरताना बिल्ला खुंटीवरून काढायचा, वर आल्यावर परत अडकवायचा. खुंटी रिकामी दिसली तर माणूस अजून खाली आहे, असा तिथला हिशेब. डार्सीनं स्वयंपाकघरात दाराशेजारी एक खिळा ठोकला आणि बिल्ला त्यावर लटकवला. नोलीननं भिंतीला भोक पाडलं म्हणून दुसऱ्या दिवशी पेला पालथा घातला, आणि दोघं पाऊण तास मनसोक्त भांडली.

पुढे त्याला धाप लागायला लागली. आधी चढावर, नंतर सपाटीवर, नंतर बुटाची नाडी बांधताना. सहा वर्षांपूर्वी एका सकाळी नोलीनला त्याच्या कोटाच्या खिशात सिगारेटचं पाकीट सापडलं आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. डार्सीही काही गप्प बसणारा नव्हता. त्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, अर्धं वाक्य बाहेर आलं आणि उरलेलं आलंच नाही. ओठ जांभळे पडले. तो टेबलाची कड धरून उभा राहिला आणि तिच्याकडे असा बघत राहिला, की जणू तिनंच त्याचा श्वास हातात धरून ठेवला आहे. ॲम्ब्युलन्स यायला अठरा मिनिटं लागली.

त्या दिवसापासून पेला कधी पालथा पडला नाही. नोलीननं असं काही ठरवलं नव्हतं. पण तिच्या मनात कुठेतरी पक्कं बसलं की डार्सी आता कायमचाच पाळीवर गेलेला आहे, आणि पाळीवर गेलेल्या माणसाशी भांडायचं नसतं.

तो हॉस्पिटलात होता तेव्हाच तिनं त्यानं हौसेनं पाळलेली कबुतरंही देऊन टाकली. डॉक्टर म्हणाले होते, कबुतरांच्या पिसांची धूळ अशा छातीला वाईट. तिनं सगळी बावीस पाखरं सिंगलटन गावातल्या एका माणसाला दिली. शर्यतीची कबुतरं अशी देऊन टाकता येत नाहीत, हे वॉलंडातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ज्या खुराड्यात वाढली तिथेच ती परत येतात. भीतीच्या भरात नोलीनला ते सुचलं नाही. निळ्या पट्ट्याची एक म्हातारी मादी आठ दिवसांत परत आली आणि पहाटे पत्र्यावर येऊन घुमायला लागली. डार्सी नुकताच घरी आला होता आणि आत झोपला होता. नोलीननं तिला बुटाच्या खोक्यात घातलं, दूध आणायला जाते अशी चिठ्ठी लिहिली आणि गाडी काढून सिंगलटनला सोडून आली. असं पुन्हा पुन्हा झालं. शेवटी त्या माणसानं पक्की जाळी बसवली. रिकामं खुराडं बघून डार्सी एवढंच म्हणाला होता, "बरं केलंस." नंतर त्यानं त्या विषयावर ब्रही काढला नाही.

आणि मग घरात सभ्यपणा आला. तो एखाद्या पाहुण्यासारखा आला आणि मुक्कामाला राहिला. डार्सी "आभारी आहे" म्हणायला लागला. चहा दिला, आभारी आहे. उशी नीट केली, आभारी आहे. ऑक्सिजनचं यंत्र बैठकीच्या खोलीत दिवसभर घरघरायचं आणि त्याची लांब पारदर्शक नळी डार्सीच्या मागे मागे घरभर फिरायची. नोलीन त्या नळीवरून पाय उचलून चालायला शिकली. त्याला बोलताना दम लागतो म्हणून त्याची वाक्यं ती पुरी करायची. "मला जरा..." "पाणी देते." "उद्या त्या..." "गोळ्या आणल्यात मी." तिला वाटायचं, आपण त्याचा श्वास वाचवतोय. स्वयंपाकघरात भाजी चिरताना तिचा एक कान सतत पलीकडे असायचा. श्वास लांबला की सुरी थांबायची. रडू आलं की ती मागच्या धुण्याच्या खोलीत जायची, कपडे धुण्याचं यंत्र सुरू करायची आणि त्या आवाजात रडून घ्यायची. बाहेर येताना चेहरा पुसलेला असायचा. आपण हे किती शहाणपणानं निभावतोय याचा तिला थोडा अभिमानसुद्धा होता. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, ही गोष्ट तिला कोणी सांगितली नव्हती.

दर मंगळवारी क्लबच्या हॉलमध्ये फुप्फुसवाल्यांचा वर्ग भरायचा. पाच-सहा म्हातारे आपापल्या सिलिंडरच्या गाड्या ओढत नारिंगी शंकूंमधून फेऱ्या मारायचे, घेवड्याचे बंद डबे वजनांसारखे हातात धरून वर-खाली करायचे, आणि ओठांचा चंबू करून श्वास सोडायचे. बायका भिंतीला टेकून बसायच्या आणि भोपळ्याच्या गरम स्कोनना, म्हणजे छोट्या गोल पावांना, लोणी फासायच्या. वर्ग घेणारी नर्स रोवेना फिलिपिन्सची, बुटकी आणि भारी उत्साही. म्हाताऱ्यांना ती "चला माझ्या रेड्यांनो" म्हणायची, आणि तिच्यापुढे एकाचीही कुरकुर करायची हिंमत नव्हती.

त्या मंगळवारी डार्सी फेऱ्या मारत असताना रोवेना नोलीनशेजारी येऊन बसली आणि तिनं तिचा हात हातात घेतला.

"नोलीन, मेटलंडच्या आश्रमातली खोली पहिल्या तारखेपासून मिळतेय. खिडकीजवळची. त्याची खुर्ची तुम्हीच घेऊन येणार ना? घरातली एखादी वस्तू असली की माणूस लवकर रुळतो."

"कुठली खोली?" हे शब्द नोलीनच्या अगदी जिभेवर आले होते. पण रोवेनाच्या चेहऱ्यावर इतकी माया होती, की नोलीनला क्षणात सगळं कळलं. मेटलंडच्या वृद्धाश्रमात डार्सीनं नाव घातलं होतं. अर्ज रोवेनानं भरून दिला होता. बायकोला माहीत आहे, असं त्यानं तिला सांगितलेलं होतं.

"आणते ना," नोलीन म्हणाली. "खुर्ची आणते."

घरी पोचल्यावर गाडीतून उतरताना तिनं हात दिला तेव्हा डार्सी म्हणाला, "आभारी आहे."

संध्याकाळी ती कुंपणाशी गेली. डल्सी पलीकडे वाळलेले कपडे काढत होती. डल्सीचा नवरा याच आजारानं चार वर्षांपूर्वी गेला होता. नोलीननं तिला सगळं सांगितलं.

"मी त्याला सहा वर्षांत एक वाकडा शब्द बोलले नाही गं," नोलीन म्हणाली. "फुलासारखं जपलं. आणि हा मला न सांगता निघाला!"

डल्सीनं चादरीची एक बाजू तिच्या हातात दिली. दोघींनी कुंपणावरूनच चादर ताणून घडी घातली.

"शेवटची तीन वर्षं आमच्याकडे प्रत्येक वाद मीच जिंकले," डल्सी म्हणाली. "तो म्हणायचा, तू म्हणशील तसं. काहीही विचारा, तू म्हणशील तसं. तो मेला तेव्हा मला वाटलं, हा तर कधीचाच गेलाय, मला आज कळवतायत."

"पण त्याचा श्वास अडकला तर?"

"तर अडकेल. अगं, गप्प बसूनही अडकतोच की."

नोलीनला तिचा राग आला. दुसऱ्याच्या नवऱ्यावर प्रयोग सांगायला डल्सीचं काय जातंय, असं मनात म्हणत ती घरात आली. पण रात्रीचं जेवण वाढताना, डार्सीनं "आभारी आहे" म्हटल्यावर, तिला जाणवलं की आपल्याला त्याच्या मरणाची जेवढी भीती वाटते, तेवढीच या दोन शब्दांचीही वाटायला लागली आहे.

बुधवारी सकाळी तिनं चहा ठेवला. फडताळातून हिरवा पेला काढला. त्याच्या कडेचा टवका उडालेला होता, तिथे गंज चढला होता. ॲम्ब्युलन्सची ती अठरा मिनिटं तिच्या डोळ्यांसमोरून एकेक करून गेली. आणि तिनं पेला टेबलावर त्याच्या जागी पालथा घातला.

नळी फरशीवर घासल्याचा आवाज आला. डार्सी दारात आला आणि थांबला. त्यानं पेल्याकडे बघितलं. तो भिंतीला हात लावत आला, बसला आणि खिशातून श्वासाच्या औषधाचा निळा पंप काढून दोन वेळा ओढला, कष्टाचं काम सुरू करण्याआधी ओढायचा असं वर्गात शिकवलं होतं तसा. दोन-चार मिनिटं तो नुसता श्वास घेत बसला. नोलीन समोर बसून वाट बघत होती. मग त्यानं हात पुढे केला आणि पेला सरळ केला.

"हं," तो म्हणाला. "बोल."

"हॅडो!" नोलीन ओरडली. रागात असली की ती त्याला आडनावानं हाक मारायची. "चोरासारखा पळून चाललायस? बावन्न वर्षं माझ्या हातचं खाल्लंस, आणि मला ते त्या रोवेनाकडून कळतं? स्कोनला लोणी लावता लावता? मला वाटलं जमीन दुभंगावी! लाज नाही वाटली?"

"वाटली," डार्सी म्हणाला. "पण तू तर..."

"मी काय? मी तुझी सेवा..."

त्यानं तळहात टेबलावर आपटला. फार जोरात नाही, तेवढी शक्तीच नव्हती. पण चमचा उडाला.

"मध्ये," तो म्हणाला, आणि श्वास घेतला. "बोलू नकोस. माझं वाक्य... माझं आहे. सहा वर्षं... तूच पुरं करतेस. पाणी नको असलं... तरी पाणी पितो मी."

नोलीननं तोंड मिटलं. आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट ती त्या सकाळी करत होती, आणि ती म्हणजे नुसतं बसून राहणं. तो ओठांचा चंबू करून श्वास सोडत होता, ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती.

"तू त्या मागच्या खोलीत... रडतेस," डार्सी म्हणाला.

"कोण म्हणतं? कपडे धुते मी."

"नोल. मी चौतीस वर्षं... फिटर होतो." तो थांबला. त्याच्या तोंडावर हसू आलं, सहा वर्षांत न दिसलेलं, तिरकं, चिडवणारं. "रिकामं यंत्र... फिरतंय की भरलेलं... मला कळत नाही होय? आठवड्यातून तीन वेळा... रिकामं फिरवतेस. बेअरिंग गेलंय... त्याचं."

नोलीन चेहरा पुसून बाहेर यायची, ते सगळं वायाच गेलं होतं.

"म्हणून जातोस?"

"म्हणून. आणि..." तो पुढचं बोलणार तोच त्याला खोकला आला. तो वाकला. खांदे वर चढले, मानेच्या शिरा ताठल्या, ओठांवर तोच जांभळा रंग चढला. नोलीन खुर्ची पाडून उठली आणि फोनकडे धावली. डार्सीनं मान वर न करता एक हात उचलला आणि बोटानं खुर्ची दाखवली. बस.

ती खुर्चीवर बसली नाही, पण फोनही उचलला नाही. ती त्याच्यासमोर फरशीवर गुडघे टेकून बसली आणि त्याच्याबरोबर श्वास मोजायला लागली. आत दोन, बाहेर चार. आत दोन, बाहेर चार. ऑक्सिजनचं यंत्र पलीकडे घरघरत होतं. हळूहळू त्याचे खांदे खाली आले.

"आणि," डार्सी म्हणाला, जणू मध्ये काही झालंच नव्हतं, "पेला. रोज बघायचो मी. रोज सरळ. वाटलं... मेलेल्या माणसाशी कोण भांडतंय. मी... गेलोच बहुतेक. हिनं... मनात पुरलंही."

"अरे मूर्खा," नोलीन म्हणाली, आणि आता ती उघड रडत होती, स्वयंपाकघरात, त्याच्या तोंडासमोर. "पाळीवर गेलेल्या माणसाशी भांडतात का? आईनं सांगितलं होतं मला. तू वर येईपर्यंत मी गिळत होते."

डार्सीनं तिच्या डोक्यावरून दाराकडे बघितलं. नंतर बोट उचलून खिळा दाखवला. पितळी बिल्ला तिथे लटकत होता, बारा वर्षं तसाच.

"खुंटीवर आहे," तो म्हणाला. "कधीचाच... वर आलोय मी, बये."

त्यानंतर ती दोघं चांगली तासभर भांडली. एरवी पाऊण तासात संपलं असतं, पण श्वासांसाठी थांबावं लागत होतं. तिनं त्याला चोर, ढोंगी आणि मेटलंडचा नवरदेव म्हटलं. त्यानं तिला तुरुंगाची जेलर म्हटलं. तिनं सांगितलं की तिलाही कधीकधी या घरातून पळून जावंसं वाटतं, आणि ते वाटल्यावर तिला स्वतःची किळस येते. तो म्हणाला, "जा की मग. दर गुरुवारी... लॉन बाउल्स खेळायला जा. डल्सी बसेल माझ्यापाशी. तिचे पत्त्यांचे डाव... मला तोंडपाठ आहेत." चहा गार झाला, दोनदा.

"फोन लाव," डार्सी शेवटी म्हणाला.

तिनं आश्रमाचा नंबर फिरवला आणि फोन त्याच्या कानाला लावून धरला. पलीकडे कोणी बाई बोलली. "मी डार्सी हॅडो," तो म्हणाला आणि थांबला. "खिडकीजवळची... खोली..." तो पुन्हा थांबला. पलीकडची बाई हॅलो हॅलो करायला लागली. नोलीनच्या ओठांवर पुरं वाक्य तयार होतं. ती ओठ दाताखाली दाबून उभी राहिली. "...दुसऱ्या कोणाला... द्या." पाच श्वास लागले. ते वाक्य त्यानं एकट्यानं पुरं केलं.

त्या दिवशी त्यानं एकदाही आभार मानले नाहीत. संध्याकाळी बटाटे कच्चे राहिलेत म्हणून तोंड वाकडं केलं, आणि नोलीनला ते फार आवडलं.

गुरुवारी सकाळी तिला उठायला जरा उशीर झाला. कितीतरी दिवसांनी ती कानोसा न घेता झोपली होती. ती स्वयंपाकघरात आली तेव्हा डार्सी आधीच टेबलाशी बसला होता, नळी पायाशी गुंडाळलेली, निळा पंप समोर ठेवलेला. त्याचा हिरवा पेला त्याच्यासमोर सरळ होता. नोलीनच्या जागी तिचा गुलाबांच्या नक्षीचा कप होता, आणि तो पालथा होता.

बावन्न वर्षांत तिचा कप कोणी पालथा घातला नव्हता. वॉलंडात कोणत्याच बाईचा कोणी घातला नव्हता. रीत तशी नव्हती. ती खुर्ची ओढून बसली. तिनं कप सरळ केला.

"हं," ती म्हणाली. "बोल."

"निळ्या पट्ट्याची मादी," डार्सी म्हणाला. त्यानं श्वास घेतला. ती थांबली. "मी जागा होतो. पत्र्यावर... ऐकायचो. तीन वेळा आली होती ती घरी. तीन वेळा... तू तिला परत सोडलंस. मला... एकदा दाखवली असतीस."

नोलीननं मान खाली घातली. तिला खोटं बोलता आलं असतं, आणि काल-परवापर्यंत ती बोललीही असती.

"चार वेळा," ती म्हणाली. "एकदा तू झोपला होतास."